साडूच्या भिंतीवरचा गुलाब

इस्पितळाच्या आवारातलं कुंपण ज्यांनी पाहिलंय त्यांना दोरीवाल्यांची ओळख करून द्यायला नको. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. फाटकापासून मोठ्या दारापर्यंत शंभर पावलांची वाट आहे आणि वाटेच्या दोन्ही अंगांना कमरेएवढं हिरवं कुंपण. त्या शंभर पावलांत कुंपणाची वरची कड कुठं बोटभर चढत नाही की उतरत नाही. दोन खुंट्या, मध्ये ताणलेली सुताची दोरी, एक डोळा मिटलेला, आणि मग कात्री. दोरी लावल्याशिवाय या माणसानं कुंपणाचं एक पान कापलं नाही. डॉक्टर, नर्स, वर्षानुवर्षं येणारे रुग्ण, सगळे त्यांना दोरीवाले म्हणत, आणि त्यांनाही ते नाव आवडे.

माणूस मनानं सरळ. कुणाच्या बढतीवर डोळा नाही, कुणाच्या पोरांच्या मार्कांवर नाही. शेजाऱ्यानं नवी गाडी आणली तर पहिला हात फिरवून कौतुक करायला हेच हजर. आयुष्यात जळले ते एकाच माणसावर. साडूवर.

साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. तेही माळीच, आणि सगळं दुखणं तिथंच होतं. ते शिंपी असते, टपालात असते, तर दोघं एका ताटात जेवले असते. पण दोघांच्याही खिशात कात्री, दोघांच्याही नखांत माती, आणि दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. मग तुलना करायला बाहेरून कुणी यावं लागत नाही.

नदीकडच्या उतारावर दोनशे वर्षांचं एक घर आहे. घरात आता कुणी राहत नाही, लोक तिकीट काढून बघायला येतात. जेवणाच्या खोलीत चौदा माणसांचं टेबल मांडून ठेवलंय. ताटल्या आहेत, चमचे आहेत, जेवण तेवढं येत नाही. लिहिण्याच्या खोलीत दौत कोरडी पडलीय. दारादारांत लाल दोर आडवा, आणि किल्ल्यांचा जुडगा घेतलेली एक बाई 'हात लावू नका, हात लावू नका' म्हणत सगळ्यांच्या पुढं चालते. घराभोवती चार एकर बाग. त्या बागेचे मुख्य माळी आमच्या दोरीवाल्यांचे साडू.

वर्षातून चार वेळा, दर ऋतूला एकदा, दोरीवाल्यांची बायको बहिणीला भेटायला तिथं जाई आणि हे मागून. फाटकावर ओळख होती, तरी दोरीवाले खिडकीपाशी रांगेत उभे राहत आणि तिकीट काढत.

"अहो, दाजींनी सांगून ठेवलंय फाटकावर," बायको म्हणे.

"तिकीट काढलं की नावं ठेवायचा हक्क राहतो," हे म्हणत.

आणि आत गेल्यावर नावं ठेवायला जागा सापडत नसे. पानगळीत जावं, तर साडूनं गळलेलं एक पान जाळलेलं नाही. मागच्या बाजूला जाळीचं कोंडाळं करून सगळी पानं त्यात कोंबलेली, आणि शेजारच्या कोंडाळ्यात गेल्या वर्षीची पानं काळ्या, मऊ, भुसभुशीत मातीसारखी झालेली. हातात घेतली तर पावसानंतरच्या रानाचा वास. थंडीत जावं, तर वाळलेली फुलं देठांसकट उभी ठेवलेली. सकाळच्या दवात ती चांदीची दिसत आणि छोटे पक्षी त्यांवर उलटे लटकून बी टिपत. उन्हाळ्यात झाडांच्या बुंध्यांभोवती कापलेल्या गवताची गादी, आणि पाणी रोज शिंपडायचं नाही, आठवड्यातून एकदा, पण मुळांच्या तळाशी पोचेल असं.

हे सगळं दोरीवाल्यांची बायको बघे, आणि आठ दिवसांत घरच्या परसात करून टाके. परसात साडूची शाखाच उघडली होती म्हणा. दोरीवाले खराटा घेऊन वाळलेली झाडं उपटायला निघाले की आतून आवाज येई, "राहू द्या ती! दाजी म्हणतात, पाखरं येतात."

"इथं कोण मालक आहे?"

"मालक तुम्हीच. पण पाखरं येतात."

दोरीवाल्यांची मागणी फार मोठी नव्हती. एकदा, फक्त एकदा, त्या फाटकातून बाहेर पडताना बायकोनं म्हणावं, 'हे तुम्ही केलं असतं तर याहून बरं झालं असतं.' लग्नाला बावीस वर्षं झाली होती. अठ्ठ्याऐंशी फेऱ्या झाल्या. तिनं ते म्हटलं नव्हतं.

सगळ्यात जास्त सलायचा तो पूर्वेच्या भिंतीवरचा गुलाब. वेलासारखा चढणारा, घराएवढाच जुना असावा. वर्षात एकदाच फुले, वसंतात, जेमतेम पंधरा दिवस. पण त्या पंधरा दिवसांत भिंतीचा दगड दिसत नसे. वरच्या मजल्यावर शिवणाची छोटी खोली आहे, तिच्या खिडकीवर फुलांचा पडदाच यायचा आणि आत उजेड गुलाबी होऊन पडायचा. तो उजेड बघायला जिन्यावर रांग लागे. घराच्या माहितीपत्रकावर फोटो होता तो या भिंतीचाच. माणसं म्हणत, "काय माळी असेल!" आणि दोरीवाले गर्दीत उभे राहून बुटाच्या टोकानं माती उकरत.

एका थंडीत साडू शिडीवरून घसरले. घोट्याचं हाड मोडलं, पायाला प्लास्टर, सहा आठवडे उठायचं नाही. थोरल्या बहिणीनं धाकटीला सांगितलं, धाकटीनं नवऱ्याला. इस्पितळाचं काम दुपारी सुटायचं; दुपारनंतर दोरीवाल्यांनी तेवढे दिवस बाग बघावी असं ठरलं. दोरीवाल्यांनी थोडे आढेवेढे घेतले, पण रस्त्यानं जाताना त्यांची चाल बघणाऱ्याला कळलं असतं की माणूस लग्नाला निघालाय.

साडू फाटकाजवळच्या माळ्याच्या खोल्यांत राहत. पाय दोन उशांवर ठेवून पडले होते. बोलायला आधीच कंजूष.

"पानं गोळा करा. वाटा झाडा. नाजूक रोपांवर दिवस मावळायच्या आत गोणपाट टाका," ते म्हणाले. "आणि पूर्वेच्या भिंतीला कात्री लावू नका."

"बरं."

"अजिबात नाही."

"ऐकलं मी. पंचवीस वर्षं झाली मला कात्री धरून."

"म्हणूनच सांगतोय."

थोरल्या बहिणीनं चहाचा कप मध्येच पुढं केला. "घ्या हो, गरम आहे तोवर घ्या. त्यांचं बोलणं असंच. मला तर पोळी करू नकोस म्हणतात, मागून सहा खातात."

दोरीवाल्यांनी चहा घेतला, पण 'म्हणूनच सांगतोय' हे दोन शब्द चहाबरोबर उतरले नाहीत. घशात काट्यासारखे राहिले.

दुसऱ्या दिवशी ते भिंतीपुढं उभे राहिले आणि बघतच राहिले. दोन-दोन पुरुष लांबीच्या फांद्या चाबकासारख्या इकडून तिकडं गेलेल्या, एकमेकींत अडकलेल्या, काही वाऱ्यावर लोंबकळणाऱ्या. इस्पितळातले गुलाब त्यांनी महिन्यापूर्वीच गुडघ्याएवढे छाटले होते. बारमाही गुलाब ते, थंडीत छाटले की जोमानं फुटतात. पंचवीस वर्षांत दोरीवाल्यांच्या हाताखालून गेले ते तसलेच गुलाब. आणि इथं निम्मी थंडी सरली तरी गुलाबाला कात्री लागलेली नाही!

मग त्यांच्या डोक्यात उजेड पडला, निदान त्यांना तो उजेड वाटला. साडूनं छाटणी चुकवली होती. जमलं नव्हतं. उंचीला घाबरला असेल, कंटाळला असेल. 'कात्री लावू नका' म्हणजे 'बघू नका'. बावीस वर्षांनी खोट सापडली होती, आणि ती दुमजली होती.

घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "दाजींनी ठेवलाय तर त्यात काहीतरी असेल."

ती एवढंच बोलली नसती तर पुढचं काही घडलं नसतं.

सोमवारी ते घर लोकांसाठी बंद असे. त्या सोमवारी दोरीवाल्यांनी इस्पितळातून रजा घेतली, सकाळीच खुंट्या, दोरी, दोन कात्र्या आणि करवत घेऊन हजर झाले. माळ्याच्या खोल्या बागेच्या दुसऱ्या टोकाला, तिथून ही भिंत दिसत नाही. एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत छातीच्या उंचीला दोरी ताणली. आणि लागले.

खोटं कशाला बोलू, काम सुंदर केलं त्यांनी. प्रत्येक काप डोळ्याच्या, म्हणजे कोंब फुटायच्या जागेच्या, वर, तिरका, स्वच्छ. लांब फांद्या एकेक करून सोडवल्या, कापल्या, खाली ओढल्या. दिवस डोक्यावर आला तेव्हा भिंतीचा दगड उघडा पडला होता, उन्हात मधासारखा पिवळा. संध्याकाळी भिंतीच्या पायाशी सारख्या उंचीचे दांडे ओळीत उभे, कंगव्याच्या दातांसारखे. हातांवर ओरखडे, कपाळावर रक्ताचा ठिपका, आणि तोंडावर असं समाधान की तसं त्यांच्या लग्नाच्या फोटोतही नाही.

घराचा कारभार बघणाऱ्या बाई तेवढ्यात आल्या. "अरे वा! किती नीटनेटकं. ही भिंत इतकी छान आहे हे मला आज कळलं."

"राहिलं होतं काम," दोरीवाले नम्रपणे म्हणाले. नम्रपणा त्या दिवशी परवडत होता.

सातव्या आठवड्यात साडू काठी टेकत बाहेर आले. वाटा बघितल्या, गोणपाटं उचलून रोपं बघितली, मान हलवली. मग पूर्वेच्या बाजूला वळले. दोरीवाले चार पावलं मागं होते, मुद्दाम. साडू उभे राहिले. एका दांड्याच्या टोकावर अंगठा फिरवला.

"दोरी लावली होती?"

"लावली होती."

"दिसतंय," साडू म्हणाले, आणि काठी टेकत कुंड्यांकडं निघून गेले.

त्या दिवशी दोरीवाले घरी आले ते शीळ घालत. "जळला," बायकोला म्हणाले. "तोंडातून शब्द फुटला नाही. असा जळला!" बायकोनं दाजींना बावीस वर्षं बघितलं होतं आणि जळताना कधी बघितलं नव्हतं.

मग वसंत आला. इस्पितळात कळ्या धरल्या, रस्त्याकडेच्या झाडांना पालवी आली, आणि ठरल्याप्रमाणे ही दोघं फाटकाशी गेली. दोरीवाल्यांनी तिकीट काढलं आणि थेट पूर्वेकडं वळले. त्यांना आज आपली भिंत बघायची होती.

भिंत हिरवी होती. पानं मोठाली, तकतकीत, नव्या फांद्या हातभर. फूल एक नव्हतं. कळीही नव्हती. बागेतले बाकीचे गुलाब फुलून वाकले होते आणि ही भिंत शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखी उभी. वर शिवणाच्या खोलीत ऊन थेट आत येत होतं, म्हणून किल्लीवाल्या बाईनं जाडा पडदा ओढून ठेवला होता. माणसं कॅमेरे काढत आणि परत ठेवत.

दरवर्षी या पंधरा दिवसांत एक वयस्क बाई येत. घडीची खुर्ची बरोबर आणायच्या, भिंतीसमोर मांडायच्या आणि दोन तास नुसत्या बसायच्या. त्या साडूंपुढं उभ्या होत्या, खुर्ची न उघडता.

"माळीबुवा, यंदा कुठं गेला हो माझा गुलाब?"

"थंडीत छाटला, बाई. छाटायला नको होता," साडू म्हणाले. "हा गेल्या वर्षी वाढलेल्या लांब फांद्यांवर फुलतो. त्याच कापल्या गेल्या. याची छाटणी फुलं संपल्यावर करायची असते."

"पण हे तुम्हाला ठाऊक होतं ना?"

"होतं. चुकलं माझं. वय झालं आता."

बाईंनी खुर्ची काखेत मारली. "माझंही झालंय," त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षीचं कोण सांगावं," आणि हळूहळू फाटकाकडं गेल्या.

दोरीवाले झुडपाआड उभे होते. कानशिलं तापली. आपण काय केलं ते त्यांना एका वाक्यात कळलं. माळ्याला तेवढं पुरतं. पण खोटं कशाला बोलू, तेव्हाही त्यांचं लक्ष बायकोकडं गेलं. ती साडूकडं बघत होती. डोळे भरले होते. 'चुकलं माझं' म्हणणाऱ्या त्या लंगड्या माणसाकडं ती अशी बघत होती, जसं तिनं आपल्याकडं एकदा बघावं म्हणून दोरीवाल्यांनी बावीस वर्षं वाट पाहिली होती.

म्हणजे बाग यांची, गुलाब यांचा, आणि आता मोठेपणाही यांचाच!

थोरली बहीण लगबगीनं आली. "अगं, इथंच थांब. यांना कचेरीत बोलावलंय. मोठी मंडळी आलीत." मग आवाज खाली आणून म्हणाली, "यांची मुदत या महिन्यात संपते ना, दोन वर्षं वाढवून द्या म्हणून अर्ज केला होता. आता भिंत अशी. कारभारी बाईंना यांनी सांगितलंय, मीच कापायला लावला म्हणून. खोल्या सोडाव्या लागतील की काय कुणास ठाऊक."

दोरीवाल्यांनी पुढचं ऐकलं नाही. कचेरी घराच्या मागच्या बाजूला. वळसा घालून जायला पाच मिनिटं लागतात. ते जेवणाच्या खोलीतून घुसले, लाल दोर ओलांडून, चौदा ताटल्यांना खेटून.

"अहो! अहो! हात लावू नका!" किल्लीवाली बाई मागं धावली.

"हात नाही लावत, पायच लावतोय," दोरीवाले ओरडले आणि कचेरीचं दार ढकललं.

टेबलामागं तीन म्हातारे विश्वस्त, बाजूला कारभारी बाई, पुढं काठीवर रेललेले साडू.

"गुलाब मी कापला," दोरीवाले म्हणाले. धाप लागली होती. "यांनी नको म्हणून सांगितलं होतं. दोनदा."

"पण हे तर म्हणाले, मीच कापायला लावला..." बाई म्हणाल्या.

"खोटं बोलतायत."

"तुम्ही गप्प बसा," साडू दातांत म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा! बाग तुमची, भिंत तुमची. चूक माझी आहे. ती तरी माझ्याकडं राहू द्या!"

तिघांतल्या एकानं चष्मा काढून पुसला. "चूक आपल्याला मिळावी म्हणून भांडणारी माणसं मी आज पहिल्यांदा बघतोय," ते म्हणाले. मग तिघं आपापसांत कुजबुजले. दोनऐवजी एकच वर्ष वाढवून दिलं. पुढच्या वसंतात भिंत फुललेली दिसली तर दुसऱ्या वर्षाचं बघू.

दोघं बाहेर आले, पानांच्या कोंडाळ्यापाशी पोचले, आणि तिथं साडूंचा बांध फुटला. एवढं बोलताना त्यांना कुणी ऐकलं नव्हतं.

"कुणी सांगितलं होतं तोंड उघडायला?"

"नोकरी जात होती तुमची!"

"जाऊ दे की! मी चुकलो म्हणून गेलो असतो. तीस वर्षांत एकदा चुकलो, म्हटले असते लोक. आता काय म्हणतील? याच्या भिंतीवर दुसऱ्याची कात्री चालली आणि याला पत्ता नाही. ते मला झाकायचं होतं. तुमच्यावर उपकार करायला मी कोण लागून गेलोय!"

दोरीवाले बघत राहिले. हा मोठेपणा नव्हता तर! एक गाठ सुटल्यासारखं झालं छातीत. पण एक प्रश्न थंडीपासून आत अडकला होता.

"मग त्या दिवशी कारण का नाही सांगितलं? नुसतं नको, नको. जुन्या फांद्यांवर फुलतो एवढं म्हणाला असता तर मी शिवलो असतो का?"

साडूंनी काठीनं पानं ढवळली.

"सांगितलं असतं तर तुम्हाला कळलं असतं."

"मग?"

"मग काय? पुढच्या वर्षी इस्पितळाच्या भिंतीवर असाच गुलाब चढवला असता तुम्ही. अगदी सरळ. मला नाही जमत तितकं सरळ." मग चिडून म्हणाले, "तुमचं ते कुंपण बघायला मी महिन्यातून एकदा पाय दाखवायच्या निमित्तानं येतो, माहितीये? पाय मोडायच्या आधीपासून येतो."

दोरीवाले पानांच्या ढिगाच्या कडेवर बसले आणि हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. साडूंना आधी राग आला, मग काठी ठेवून तेही शेजारी बसले.

पावसाळ्यापर्यंत नव्या फांद्या पुरुषभर झाल्या. साडूंनी दाखवलं: फांदी उभी सोडायची नाही, आडवी वाकवायची, तारेला सैल बांधायची, आडवी झाली की तिच्या डोळ्याडोळ्यातून फूल निघतं. खिडकीच्या डावीकडची भिंत दोरीवाल्यांनी बांधली, उजवीकडची साडूंनी. दर रविवारी दोघं शिडीवर, आणि एकमेकांच्या गाठींना नावं ठेवल्याशिवाय एक फांदी बांधली गेली नाही.

पुढच्या वसंतात भिंत फुलली. शिवणाच्या खोलीत उजेड गुलाबी पडला, जिन्यावर रांग लागली, आणि साडूंना दुसरं वर्ष मिळालं. उजवीकडच्या कळ्या चार दिवस आधी उमलल्या. डावीकडं सकाळी कोपऱ्यातल्या उंच झाडाची सावली येते म्हणून उशीर झाला, असं दोरीवाले भेटेल त्याला सांगतात. मी एकदा मुद्दाम सकाळी जाऊन उभा राहिलो. सावली दोन्हीकडं सारखीच पडते. पण हे मी त्यांना सांगितलेलं नाही.